नकाशातून गळलेली बाग

आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत दोन माणसं फीत लावून काहीतरी मोजत होती. मला वाटलं, गटाराचं काम निघालं असेल. सकाळचे आठ वाजले असतील, मी दूध घेऊन परत येत होते. एकाच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता आणि दुसरा फितीचं टोक करंजाच्या बुंध्याशी दाबून धरून उभा होता. मी कन्नडात विचारलं, "काय चाललंय?"

"सर्वे, अम्मा," रंगवाला म्हणाला. "साइट आहे ही, घराचा प्लॉट. लिलावात जाणार."

"ही बाग आहे."

त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. "इथं साइट लिहिलंय," म्हणाला, आणि कोपऱ्यात रोवलेल्या दगडावर आकडा काढू लागला. चौऱ्याण्णव, आणि पुढे ए.

मी वाद घातला नाही. त्या माणसाच्या हातात फक्त ब्रश होता, ठरवणारा तो नव्हता. पण घरी येऊन दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू गेलं तरी मला कळलं नाही.

बाग म्हटलं की लोकांना कारंजं आणि घसरगुंडी आठवते. आमच्याकडे तसलं काही नाही. पाच-सहा करंज, ज्यांना इथे होंगे म्हणतात, दोन कडुनिंब, एक भलंमोठं जांभूळ, विटांवर आडव्या टाकलेल्या दगडी फरश्या आणि एक नळ. शहराच्या उत्तर टोकाला, येलहंक्याच्या पुढे, एका सरकारी कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेने वसवलेली ही वसाहत. आम्ही राहायला आलो तेव्हा झाडं कमरेएवढी होती. खरं सांगायचं तर पहिली कितीतरी वर्षं मी त्या बागेत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. गवत वाढलेलं असायचं आणि मला सापांची भीती. नोकरीला जाताना कडेने जायचे, येताना कडेने यायचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत यजमान गेले. त्यानंतर सकाळची कामं उरकली की दहा ते बारा हा वेळ घरात जाईना. दोघांचं जेवण करायची सवय असलेल्या बाईला एकटीच्या स्वयंपाकाला किती वेळ लागतो? मग एके दिवशी उठून मी जांभळाखालच्या फरशीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिथे काही विशेष घडत नसे. भाजीवाला हातगाडी सावलीत लावून पाणी प्यायचा, समोरच्या टीचर अक्का पेपर घेऊन यायच्या. एवढंच. पण बारा वाजायचे.

टीचर अक्का म्हणजे कन्नड शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारीण. त्या मला अक्का म्हणतात आणि मी त्यांना. दोघींत मोठं कोण, हे आम्ही कधी ठरवलं नाही. मला कन्नड बोलता येतं, पण वाचताना मी पाटीवरचं अक्षर न् अक्षर लावत बसते. म्हणून पेपर त्या वाचतात आणि मी ऐकते.

दगडावर आकडा पडला त्याच्या दोन दिवसांनी त्यांनी पेपरची आतली पानं उलटता उलटता हात थांबवला. पालिकेची जाहिरात होती. रिकाम्या कोपऱ्यांच्या जागांचा लिलाव, हरकती तीस दिवसांत द्याव्यात. बारीक अक्षरात वसाहतींची नावं आणि प्लॉटचे नंबर. त्यांनी आमच्या ओळीवर बोट ठेवलं.

"चौऱ्याण्णव ए. म्हणजे आपण बसलोय ती जागा," त्या म्हणाल्या. मग पेपरची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शाळेत त्यांचा दरारा होता म्हणतात. तो त्यांच्या गप्प बसण्याचा असावा.

त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता जांभळाखाली बैठक ठरली. ती ठरवली पुण्याहून आलेल्या एका मुलीने. मुलगी म्हणजे तशी तिशीची, आयटीत नोकरीला, एका मुलाची आई. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मी मराठी आहे कळल्यापासून मला काकू म्हणते आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे पिठलं-भाकरी खाऊन जाते. तिने मोबाइलवर गट काढला आणि वसाहतीतल्या सगळ्यांना त्यात ओढलं. मला वाटलं, भाडेकरू आहे, उद्या बदली झाली तर जाईल, हिला कशाला एवढं? तिला तसं विचारलंही.

"काकू, माझा मुलगा चालायला शिकला तो तिथल्या गवतावर," ती म्हणाली. "घरातल्या टाइल्सवर घसरायचा ना तो."

बैठकीला वीस-पंचवीस माणसं आली. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या अण्णांच्या घरून आणल्या होत्या, कारण बागेला लागून पहिलंच घर त्यांचं. अण्णांचं शहरातल्या जुन्या बाजारात, चिकपेटेत, नळ आणि पाइपांचं घाऊक दुकान आहे. वसाहतीत लग्न असो की मयत, खुर्च्या त्यांच्याकडूनच येतात. टीचर अक्कांनी जाहिरात वाचून दाखवली. एकजण म्हणाला, बागेची जागा विकता येत नाही असा कायदाच आहे. दुसरा म्हणाला, कागदावर ती बाग असेल तर. आपण बाग म्हणतो म्हणून ती बाग होत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, नाही तरी तिथे कचराच पडतो. असं तासभर चाललं.

शेवटी अण्णा उठले. उंचपुरा माणूस, आवाज मात्र मऊ. "मी लिलावात बोली लावणार आहे," ते म्हणाले. "लपवून करायचं नाही म्हणून सांगतो."

मागून कुणीतरी "काय?" म्हणालं.

"माझ्या दोन मुली आहेत. दोघी भाड्याच्या घरात राहतात. शेजारी जागा मिळाली तर दोघी जवळ येतील. बाहेरचा कुणीतरी येऊन इथे चार मजले चढवील. त्यापेक्षा मी घेतली तर काय वाईट?"

"कुणीच घेऊ नये, असं आम्ही म्हणतोय," टीचर अक्का म्हणाल्या.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "तुम्ही तुमचं करा." आणि जाता जाता मागे वळून, खुर्च्या नंतर आत आणून ठेवायला सांगून गेले.

त्या संध्याकाळी मी फार अस्वस्थ झाले. त्याला कारण होतं. यजमान आजारी पडले तेव्हा शहरात रुग्णवाहिका मिळत नव्हती. मलाही ताप होता, उठवत नव्हतं. तेव्हा अण्णांनी गाडी काढली. घरात त्यांची म्हातारी आई होती, तरी त्यांनी यजमानांना मागच्या सीटवर झोपवलं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात असं करत दिवसभर फिरले आणि संध्याकाळी कुठेतरी एक खाट मिळवली. यजमान परत आले नाहीत ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी गल्लीत लोक आमच्या दाराकडे बघायला घाबरत होते, आणि हा माणूस घरात शिरला होता. त्याच्या विरुद्ध हरकतीवर सही करायची, हे माझ्या हाताला जड जात होतं.

सही मी केली. तीही कन्नडात. टीचर अक्कांनी तसा आग्रह धरला. "इतकी वर्षं इथलं पाणी पिताय," त्या म्हणाल्या, "एक सही इथल्या अक्षरात करा." त्यांनी कॅलेंडरच्या मागे माझं नाव लिहून दिलं आणि मी ते गिरवलं. गिरवणं हे माझं आयुष्यभराचं काम, त्यामुळे ते मला पहिल्याच खेपेला जमलं. अर्थ लावण्यापेक्षा वळण उतरवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

ते काम काय, हे सांगायला हवं. साताऱ्याला असताना मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. लग्न होऊन इथे आले आणि यजमानांच्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा, म्हणजे ट्रेसिंग. मग खालच्या प्रिंट रूममध्ये त्याच्या प्रती निघायच्या. अमोनियाचा वास जिन्यापर्यंत यायचा. चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची आणि कागद नखाने घोटून पुन्हा गुळगुळीत करायचा. पुढे संगणक आले आणि तो धंदाच संपला. शेवटची काही वर्षं मीही संगणकावर काढली, पण माझा हात शाईतच घडलेला.

हरकत मुदतीत दिली. त्याबरोबर पुण्याच्या मुलीने माहिती अधिकारात वसाहतीचा मंजूर नकाशा मागवला. अर्ज टीचर अक्कांनी लिहिला, असा की एक वेलांटी इकडची तिकडे नाही. काही आठवड्यांनी नकाशाची प्रत आली. मुलगी ऑफिसातून सुट्टी काढून गुंडाळी घेऊन थेट माझ्याकडे आली, कारण जेवणाचं मोठं टेबल माझ्याकडे होतं. आम्ही चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवून नकाशा पसरला.

चौऱ्याण्णव ए हा एक कोरा चौकोन होता. आत आकडा, बाकी काही नाही. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तळ्याकाठच्या छोट्या त्रिकोणी बागेवर तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. मोकळी जागा दाखवायला तशा मारतात. आमच्या बागेवर एकही रेघ नव्हती.

"मग संपलं," टीचर अक्का म्हणाल्या.

मुलीने मोबाइल उचलला. ती गटाला काय कळवायचं याचा विचार करत असावी.

मी भिंग आणलं. तसं काही सापडेल असं वाटून नव्हे. इतक्या वर्षांनी हाताने काढलेला नकाशा समोर होता आणि तो मला नुसता बघायचा होता. आम्हा लोकांना एकमेकांचा हात ओळखू येतो. कुणाचा आकडा उभा, कुणाचा कललेला, कुणी कोपऱ्यात रेघ जरा पुढे काढतो. हा ट्रेसर व्यवस्थित माणूस होता. त्याचा इंग्रजी चार वरून उघडा असायचा. त्याने घरांच्या प्लॉटांच्या रेघा जाड काढल्या होत्या आणि तळ्याकाठच्या बागेची कड बारीक. मी भिंग सरकवत आमच्या कोपऱ्यावर आणलं. चौऱ्याण्णव ए ची कडही बारीक होती.

आणि त्यातला चार वरून बंद होता, किंचित उजवीकडे कललेला.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. मुलीने विचारलं, "काय झालं काकू?"

"हा आकडा नंतर दुसऱ्याच कुणीतरी घातलाय," मी म्हटलं. "ज्याने नकाशा काढला त्याने ही जागा बाग म्हणूनच काढली होती. रेघा मारायच्या राहिल्या."

नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'सुधारित' असा शब्द होता, तो टीचर अक्कांनी वाचला. पूर्वेकडचा रस्ता रुंद केला तेव्हा सगळा नकाशा नव्याने गिरवला गेला होता. आता मला चित्र दिसायला लागलं. आधी सगळ्या सीमा काढून घ्यायच्या आणि तिरप्या रेघा शेवटी मारायच्या, अशीच पद्धत असते. एक बाग भरून झाली, दुसरी राहिली. कुणी हाक मारली असेल, जेवणाची सुट्टी झाली असेल. पुढे कधीतरी कोरा चौकोन बघून एखाद्याने त्याला नंबर दिला. कोऱ्या जागेला नंबर देणं हे त्याचं कामच होतं.

मला हे इतकं ठामपणे कसं वाटलं, तर माझ्या हातून हेच झालं होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पंपाच्या भागाचा छेद गिरवताना मी एका बाजूच्या रेघा मारायला विसरले. तिरप्या रेघा असतील तर धातू भरीव, नसतील तर आत पोकळी. वर्कशॉपमधला फोरमन नकाशा घेऊन वर आला. ओरडला नाही. माझ्या टेबलावर कागद ठेवून म्हणाला, "बाई, ही जागा भरीव की पोकळ, तेवढं सांगा." मी आयुष्यभर त्यानंतर प्रत्येक नकाशा खाली पाठवण्याआधी दोनदा बघितला.

सुधारणेआधीची प्रत मिळायला हवी होती. त्यासाठी शहरात, पालिकेच्या मुख्य कार्यालयातल्या रेकॉर्डच्या खोलीत जावं लागणार होतं. बसने मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडपर्यंत, तिथून रिक्षा. पहिल्या वेळी तिघी गेलो. तिथला कारकून सडपातळ, निवृत्तीला आलेला. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. नोंद फक्त सुधारित नकाशाची. दुसऱ्या वेळी गेलो तर तो रजेवर. तिसऱ्या वेळी मुलीला सुट्टी मिळाली नाही, मी आणि टीचर अक्का दोघीच गेलो. त्याने आम्हाला ओळखलं आणि सुस्कारा टाकला.

"अम्मा, तुम्ही वकील आहात का?" त्याने मला विचारलं.

"नाही. ट्रेसर होते."

त्याने पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. "शाईचं ट्रेसिंग?"

"शाईचं."

"मी इथे लागलो तो खालच्या प्रिंट रूममध्ये," तो म्हणाला. "अजून सर्दी झाली की तो वास येतो."

मी त्याला आमची अडचण पुन्हा एकदा सांगितली. या वेळी नंबर आणि कायदा न सांगता, रेघ बारीक का जाड ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग रजिस्टर मिटून, "स्वल्प, थोडं बसा," म्हणून आत गेला. पाऊण तासाने आला तो लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर छातीशी धरून. त्याच्या शर्टावर धूळ होती. गाठ सोडून त्याने एकेक घडी उलगडली. चौथी आमची होती.

कागद घड्यांवर फाटत आला होता. पण आमच्या कोपऱ्यावर तिरप्या रेघा स्वच्छ दिसत होत्या आणि त्यांच्यावरून मंजुरीच्या वेळी कुणीतरी ब्रशने हिरवा रंग फिरवला होता. रंग कडेला जरा बाहेर गेला होता. आत एक कन्नड शब्द होता. मी अक्षर लावायला लागले, पण त्याआधीच टीचर अक्कांनी वाचला. "उद्यानवन." मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला.

कारकुनाने शिक्क्याची प्रत आठवड्याने दिली. त्याचे आभार मानले तर म्हणाला, "नकाशा तिथंच होता, अम्मा. विचारायला कुणी आलं नव्हतं."

तोवर पालिकेने आमच्या हरकतीवर सुनावणीची तारीख दिली होती. प्रत हातात आल्यावर माझ्या मनात आलं की सुनावणीत देण्याआधी ती अण्णांना दाखवावी. टीचर अक्कांना ते पटलं नाही. "त्यांना आधी कळलं तर ते काहीतरी उत्तर शोधतील," त्या म्हणाल्या. पुण्याच्या मुलीचंही तेच मत. "काकू, स्ट्रॅटेजी म्हणून हे चुकीचं आहे." दोघींचंही बरोबर होतं. तरी मी गेले.

अण्णा घरीच होते. त्यांच्या पत्नीने कॉफी दिली आणि आमचं बोलणं काय असेल हे ओळखून आत गेली. मी नकाशा त्यांच्यासमोर ठेवला. ते पाइपांच्या धंद्यातले, नकाशे त्यांना वाचता येतात. त्यांनी हिरव्या तुकड्यावर हात ठेवला, उचलला.

"हे मी उद्या सुनावणीत देणार," मी म्हटलं. "तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत..."

"ते वेगळं, अक्का. हे वेगळं," ते म्हणाले. "ते यात आणू नका."

त्यांनी कॉफीचा पेला बशीत फिरवला. मग म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही. गाडीत ते शुद्धीवर होते. बोलत होते. मधेच म्हणाले, पंप चालू राहिलाय, टाकी भरून वाहील. तिला उठवू नका, तिला ताप आहे, तुम्हीच जाऊन बंद करा. मी त्यांना ठेवून परत आल्यावर आधी तुमचा पंप बंद केला."

त्या दिवशी संध्याकाळी मागच्या अंगणात पाणीच पाणी झालं होतं, ते मला आठवत होतं. पंप कुणी बंद केला, हा प्रश्न मला इतक्या दिवसांत पडला नव्हता. मी पदर डोळ्यांना लावला. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर त्यांनीच नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. बोली लावणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सुनावणी पालिकेच्या विभागीय कार्यालयात होती. अधिकारी तरुण होता, पस्तिशीचा असेल. त्याच्यासमोर फायलींचा ढीग आणि भिंतीकडेने बाकांवर वेगवेगळ्या वसाहतींची माणसं. आमचा नंबर दुपारी आला. टीचर अक्कांनी माझ्याकडून कन्नड वाक्यं घोटून घेतली होती, ती मी उभी राहताच विसरले. मग मी बाजारात बोलते तसं बोलले. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि पेन्सिलीच्या टोकाने आधी जाड रेघ दाखवली, मग बारीक, मग उघडा चार, मग बंद चार.

अधिकारी खुर्चीतून उठून टेबलाच्या या बाजूला आला. वाकून बघितलं. "म्हणजे आमच्या कार्यालयात कुणीतरी हे बदललं, असं तुमचं म्हणणं?"

"बदललं नाही," मी म्हटलं. "राहून गेलं. मी हेच काम केलंय. राहून जातं."

मुलगी माझ्या कोपराला ढोसत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काकू, त्यांची बाजू कशाला घेतलीत?" मी बाजू घेतली नव्हती. मला जे दिसलं ते सांगितलं. पण मला वाटतं, त्या वाक्यानंतर त्या अधिकाऱ्याचे खांदे जरा सैल झाले. त्याला कुणाला तरी वाचवायचं होतं असं नाही, पण कुणाला तरी पकडायचं नसलं की माणूस नकाशाकडे नीट बघतो.

त्याने विचारलं, "लगतच्या प्लॉटचे मालक आलेत का?"

मागच्या बाकावरून अण्णा उठले. ते आलेले आम्हाला माहीतही नव्हतं. दुकानातून थेट आले असावेत, शर्टाच्या खिशात बिलबुकाचं टोक दिसत होतं.

"तुम्ही या जागेत रस दाखवलाय, असं पत्र आहे," अधिकारी फाइल बघत म्हणाला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

अण्णांनी बिलबुकाचं टोक खिशात आत ढकललं. "जुना नकाशा मी बघितलाय," ते म्हणाले. "बाग आहे ती."

"म्हणजे तुमचं पत्र?"

"मागे घेतो."

एवढंच बोलून ते बसले, आणि पुढचं प्रकरण सुरू झालं तेव्हा निघून गेले. आम्ही बाहेर आलो तर त्यांची गाडी नव्हती.

त्यानंतरचे काही महिने सुखाचे गेले नाहीत. अण्णा आमच्याशी भांडले नाहीत, पण बोलेनासे झाले. सकाळी फिरायला बागेच्या बाजूने जायचे ते तळ्याच्या बाजूने जाऊ लागले. त्यांच्या थोरल्या मुलीने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जयनगरला फ्लॅट घेतल्याचं त्यांच्या पत्नीने सांगितलं. तिथून आमच्याकडे यायला रहदारीत दोन तास सहज जातात. आईला मुलगी रोज हवी असते, हे मला कळत होतं. बाग वाचवून आपण त्यांच्या घरातून काय काढून घेतलं, हा विचार फरशीवर बसल्या बसल्या माझ्या मनात येई. टीचर अक्कांना मी तो सांगितला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "विचार आला म्हणून बाग साइट होत नाही."

दसऱ्याच्या सुमारास पत्र आलं. चौऱ्याण्णव ए लिलावाच्या यादीतून वगळण्यात आला होता आणि जागा उद्यान म्हणून नोंदवण्याचे आदेश दिले होते. त्याच यादीतल्या दुसऱ्या एका वसाहतीची जागा मात्र गेली. ती माणसं आम्हाला सुनावणीत बाकावर भेटली होती. त्यांच्याकडे जुना नकाशा नव्हता, की त्यांनी तो शोधला नव्हता, मला माहीत नाही. आम्ही त्यांचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता. त्याचं मला वाईट वाटतं.

पालिकेची माणसं येऊन बागेच्या तोंडाशी पाटी लावून गेली. मग त्यांनी एका सरळ रांगेत दहा-बारा रोपं लावली, इतक्या जवळजवळ की वाढली तर एकमेकांचे गळे धरतील. पुण्याच्या मुलीने आणि तिच्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी निम्मी उपटून दुसरीकडे लावली. तिचा मुलगा आता पळतो. पडला की उठतो, हात झाडतो, आणि कुणी पाहिलं का म्हणून बघतो.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर अण्णा, काखेत कागदाची गुंडाळी. मी त्यांना आत घेतलं. ते बसले आणि आधी तब्येतीची चौकशी केली, मग पाण्याची, मग म्हणाले, "धाकटीसाठी वर एक मजला चढवतोय. आमचा इंजिनियर म्हणजे अगदी नवखं पोरगं. संगणकावर काढून देतं. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही. बघता का?"

मी टेबलावरची भाजी बाजूला सारली आणि वाट्या शोधल्या. त्यांनी नकाशा पसरला. नकाशा देखणा होता, रेघ रेघेला जुळलेली. मी तो खोलीखोलीने बघत गेले. स्वयंपाकघर बरं होतं, देवघराला उजेड होता. जिन्यापाशी थांबले.

"इथे वळणावर डोकं आपटेल," मी म्हटलं. "वरचा स्लॅब खाली आलाय. उंची कमी पडते."

ते वाकले. "हां. हेच." मग बोटाने ती उंची मोजली. "नऊ इंच उचलला तर?"

"फूटभर उचला. तुमचे जावई उंच आहेत."

ते हसले. गेल्या कितीतरी महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी कॉफी ठेवायला उठले तर म्हणाले, "कॉफी नंतर. आधी हे करून द्या, मला दुकानात जायचंय," आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी वाचायचा चष्मा लावला, पट्टी शोधली आणि स्लॅबची नवी रेघ ओढायला घेतली.